तांड्यातला फ्लू आणि चार दिवसांचा सौदा

मुकादम किसनरावाने तांड्याला फसवले. मलाही फसवले, आणि त्यासाठी माल माझ्याच दुकानातला वापरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी चोर शोधत बसू नये.

त्या सोमवारी सकाळी तो मानोऱ्याला माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही कोपरे टेकून उभा होता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षे झाली असतील. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता; वाशीम जिल्हा फार नंतर झाला. किसनराव ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. आसपासच्या तांड्यांतून मजूर जमवायचे, ट्रकमध्ये बसवायचे आणि पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यावर नेऊन उतरवायचे, हे त्याचे काम. त्याला ताप उतरवायच्या वीस सुया पाहिजे होत्या.

“कोणासाठी?” मी विचारले.

“टोळीसाठी. अर्धा तांडा कण्हून राह्यला. बुधवारी ट्रक लागते.”

“डॉक्टरची चिठ्ठी?”

“चिठ्ठीनं ताप उतरते काय?”

मी नाही म्हणालो. त्याने जास्त भाव देऊ केला. मी पुन्हा नाही म्हणालो. माझा स्वभाव तापट. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडले तेव्हा मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो, आणि तो पायरी उतरून गेला.

माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. माझा बाप इंझोरीत दुसऱ्याच्या शेतात राबला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढे कारंज्याला एका डॉक्टरांकडे बाटल्या धुवायला राहिलो. बाटल्या धुता धुता मिक्श्चर करायला शिकलो, कंपाउंडर झालो, परीक्षा दिली, लायसन्स काढले. माझ्या पाठीशी कोणी नव्हते, म्हणून मी सौदा करायला शिकलो. अकोल्याचे ठोक व्यापारी मला दारात पाहून आपसात म्हणत, आला बापा मानोऱ्याचा, आता दुपार गेली. सौद्यात आपल्याला कोणी गुंडाळू शकत नाही, असा माझा पक्का समज होता.

सुया नाकारल्या, पण अर्धा तांडा आजारी आहे हे डोक्यातून जाईना. शनिवारपासून माझ्याकडची तापाची पावडर भराभर खपत होती, हेही तेव्हा लक्षात आले. ही पावडर म्हणजे त्या काळची अंगदुखीची आणि तापाची पुडी, तिच्यात मुख्य औषध ॲस्पिरिन. एरवी आठवड्यात जेवढ्या जात, तेवढ्या दोन दिवसांत गेल्या होत्या, आणि बहुतेक त्या एकाच तांड्यावर. आमच्या धंद्यात साथ आधी कपाटात दिसते, मग गावात.

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते, सांगलीकडचे. मी जाऊन त्यांना सांगितले. जीप दौऱ्यावर गेली होती. दुपारी आम्ही दोघे सायकलींवर निघालो. तांडा मानोऱ्यापासून दोन कोसांवर होता.

सतरा जण अंथरुणाला खिळले होते. त्यांतले अकरा टोळीचे. डॉक्टरांनी आधी बोटे टोचून काचपट्ट्यांवर रक्त घेतले, कारण आमच्याकडे ताप म्हटले की पहिला संशय हिवतापाचा. पण प्रत्येकाला प्रश्न विचारता विचारता त्यांचा चेहरा बदलत गेला. ताप हळूहळू चढला की एकदम? एकदम. काल सकाळी कापूस वेचत होतो, दुपारी उभे राहता येईना. अंग कसे? कुटल्यासारखे. खोकला कोरडा. डोळ्यांच्या मागे दुखते.

एका खोपटातून दुसऱ्यात जाताना त्यांनी मला समजावले ते मी आजवर गिऱ्हाइकांना सांगत आलो. साधी सर्दी नाकातून सुरू होते आणि माणूस कुरकुरत का होईना, काम करतो. फ्लू माणसाला एका दिवसात आडवा करतो. तो विषाणूचा आजार आहे. पेनिसिलिन काय, दुसरे कुठले अँटिबायोटिक काय, विषाणूवर चालत नाही. ती औषधे जिवाणूंची. तीन-चार दिवसांत ताप जातो, खोकला आणि थकवा राहतो. विश्रांती, भरपूर पाणी, पातळ खाणे, तापाची गोळी, आणि आजारी माणूस बाकीच्यांपासून वेगळा. तो खोकला, शिंकला की रोग पुढे जातो. आठवडाभर तरी त्याने गर्दीत जाऊ नये. बहुतेक लोक एवढ्यावर बरे होतात.

“मग भ्यायचं कशाला?” मी विचारले.

“उतरलेला ताप परत आला तर भ्यायचं,” डॉक्टर म्हणाले. “धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, पाणी घेईनासा झाला, तर थांबायचं नाही. फ्लूच्या मागून न्यूमोनिया येतो. म्हातारे, तान्ही मुलं आणि गरोदर बाया, यांना तो लवकर धरतो.”

तशी एक बाई त्या तांड्यात होती. जमनाबाई. परसराम राठोडची बायको, विशी-बाविशीची, पाचवा महिना. खोपटाचे दार लावून घेतले होते, अंगावर दोन गोधड्या, आणि उशाशी सासू बसलेली. जमनाबाईचे ओठ सुकून फाटले होते. सासू तिला पाणी देत नव्हती. तापात पाणी पाजले की ताप पोटात जातो, असे ती म्हणाली. हा समज तिच्या एकटीचा नव्हता. माझ्या आईचाही तोच होता.

डॉक्टर समजावू लागले. म्हातारी ऐकेना. मग मी माझी युक्ती केली. पाणी उकळून घेतले, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ टाकले आणि गाळून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरले. पिशवीत कागद आणि डिंक असे. कागदाची पट्टी कापून तिला डोसाचे दात पाडले आणि बाटलीवर चिकटवली. तेव्हा मिक्श्चर असेच मिळायचे, एका दातापर्यंत एक डोस.

“हे घ्या माय,” मी म्हणालो. “घंट्याघंट्याले एक डोस. सरलं की अशीच दुसरी भरून द्या. चुकवाचं नाही.”

म्हातारीने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि पहिला डोस आमच्यासमोर पाजला. जमनाबाईने तो एका घोटात संपवला आणि हात पुढे केला. आयुष्यात मी केलेली ही एकच फसवणूक आहे जिची मला लाज वाटत नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाले, “बाकीचे सावरतील. हिला आठ दिवस हलवू देऊ नका.”

डॉक्टरांना संध्याकाळच्या आत दवाखान्यात परतायचे होते. मी मागे थांबलो, कारण किसनराव तांड्याच्या नायकाकडे बसला होता. हरसिंग नायक वयस्क माणूस. तांड्यात नायकाचा शब्द चालतो. मी जाऊन त्या दोघांसमोर बसलो आणि सौद्याला सुरुवात केली. ज्या वस्तूचा सौदा मी कधी केला नव्हता, त्या वस्तूचा: दिवसांचा.

मी दहा मागितले, कारण मला पाच हवे होते. किसनराव हसला.

“मेडिकलवाले, तुमी गोळ्या इका. टोळी मी हाकतो. तिकडं बॉयलर पेटून राह्यला. कारखाना काय जावई हाय माहा, वाट पाहाले?”

मी त्याच्या फायद्याचे बोललो. दुसऱ्याच्या फायद्याचे बोलल्याशिवाय सौदा होत नाही. म्हणालो, हे अकरा जण परवा ट्रकमध्ये घालशील, एकमेकांना चिकटून दोन दिवस नेशील, तर तिकडे पोचेपर्यंत त्यांचे बावीस होतील. फडात पाचटाच्या खोपीत सगळे एकत्र झोपतात. आठवड्यात तुझी टोळी आडवी. चार दिवस वाचवायला जाशील आणि पंधरा घालवशील.

नायक म्हणाला, “किसन, भाऊ बरोबर बोलून राह्यला.”

किसनराव दोनवर आला. मी सहा म्हणालो. शेवटी चारवर ठरले. ज्याला ताप आहे तो तांड्यात राहील. धडधाकट लोक बुधवारी जातील. मागे राहिलेल्यांसाठी किसनराव रविवारी दुसरा ट्रक आणेल. बहुतेक जण शनिवारी-रविवारी आजारी पडले होते, म्हणजे त्यांना आठवडा मिळत होता. जमनाबाईसाठी मी आणखी आठ दिवस वेगळे मागून घेतले, आणि तेही त्याने दिले. नायकाच्या साक्षीने माझ्या हातावर टाळी दिली.

घरी येताना मी सायकलवर गाणे म्हणत होतो. किसनराव इतक्या लवकर कसा वाकला, हे मी स्वतःला विचारले नाही.

मंगळवारी दुपारी एक अनोळखी माणूस दुकानात आला. स्वच्छ कपडे, खिशाला पेन. धनजकडचा आहे म्हणाला. छापील कागदावर डॉक्टरची चिठ्ठी होती: तापाच्या आणि दुखण्याच्या सुया वीस, स्टेरॉइडच्या वीस. खेड्यात कॅम्प आहे, म्हणाला. कागद नियमाने बरोबर होता. मी माल काढून दिला. त्याने भाव केला नाही. आमच्या भागात जो माणूस भाव करत नाही त्याला औषधाची गरज नसते, घाई असते. एवढे मला कळायला हवे होते. आदल्या दिवशी वीसचाच आकडा मी ऐकला होता. धनजच्या माणसाला कारंजा जवळ, तो मानोऱ्याला कशाला येईल? यातले काहीच मनात आले नाही. जे नाकारून मी फुशारलो होतो, तेच दुसऱ्या दिवशी बांधून दिले. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी गोळ्या घेऊन तांड्यावर गेलो. खाटा रिकाम्या होत्या. पोरे आणि म्हातारी माणसे तेवढी होती. जमनाबाईच्या खोपटात सासू एकटी बसली होती.

हरसिंग नायक माझ्या नजरेला नजर देईना. मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने ऐकून घेतले आणि मग सांगितले.

ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकटा नवरा हा अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता फडात कोणी उभा करत नाही. मी सौदा केला तो माणसांचा. धडधाकट जातील, आजारी राहतील. म्हणजे ज्या घरात एकाला ताप, तिथे दोघेही राहणार, किंवा दोघेही जाणार. इतकी वर्षे या लोकांना औषध विकत होतो आणि हे मी कधी विचारले नव्हते. किसनरावाला ते पहिल्यापासून माहीत होते. म्हणून तर तो वाकला.

मंगळवारी सांजच्याला तो खोपटाखोपटात फिरला. म्हणाला, दुसरा ट्रक येणार नाही. जो कोयता उद्या चढणार नाही, त्याची यंदाची जागा गेली. पलीकडच्या तांड्यातले सहा कोयते तयार बसले आहेत. मग खिशाला पेन आणि गळ्यात तपासायची नळी असलेला एक माणूस आला; वर्णनावरून तो माझ्याच दुकानातून सुया नेणारा. एकच सिरिंज, ती गरम पाण्यात बुचकळून सगळ्यांना सुया दिल्या. पहाटेपर्यंत सगळ्यांचा ताप उतरला, अंग मोकळे झाले. लोक आपल्या पायांनी ट्रकमध्ये चढले.

“तुमी म्हटलं सात दिवस लागते,” नायक म्हणाला. “सुईनं एका रातीत उतरला. लोकाईनं कोणावर इश्वास ठेवावा?”

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ऐकणारे ट्रकमध्ये होते. त्या सुईने ताप दबतो, रोग दबत नाही. घरात जाळ लागलेला असताना धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्यासारखे ते आहे. स्टेरॉइडने माणसाला हुशारी वाटते आणि आत अंगाची लढायची ताकद कमी होते. चार-सहा तासांनी, फार तर दिवसाने, ताप पुन्हा चढतो. तोपर्यंत ट्रक लांब गेलेला असतो.

परसराम आणि जमनाबाई तीन आठवड्यांनी एसटीने परत आले. परसराम माझ्या दुकानात आला तो गोळ्यांसाठी नाही, डॉक्टरांना भेटायचे तर सोबत चला म्हणायला. काय झाले ते त्याने बाकावर बसून सांगितले, मध्ये कुठेही आवाज न चढवता.

ट्रक उघडा होता. पहिल्या रात्रीच जमनाबाईला पुन्हा ताप भरला. दुसऱ्या दिवशी धाप लागली. ती बसू शकेना, निजूही शकेना. किसनराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. कारखान्यावर उतरल्यावर दोन दिवस ती खोपीत पडून होती. मुकादम रोज म्हणे, उद्या दवाखान्यात नेऊ. तिसऱ्या दिवशी ती गुंगीत गेली तेव्हा परसरामने तिला ऊसवाल्या बैलगाडीत घातले आणि स्वतः सरकारी दवाखान्यात नेले. न्यूमोनिया होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला वाचवले. पोटातले मूल वाचले नाही.

“त्या डॉक्टरनं इचारलं, हिले हलवली कोणं?” परसराम म्हणाला. “म्या म्हटलं, मीच आणली साहेब.”

टोळीचे काय झाले तेही त्याच्याकडून कळले. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त कोयते खोपीत पडून होते. मी किसनरावाला म्हणालो होतो तसेच झाले, पण खरे ठरल्याचा आनंद काही झाला नाही.

किसनराव मला सापडला उन्हाळ्यात, मानोऱ्याच्या बसस्टँडवर. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवले. तो घाबरला नाही. बंडीच्या खिशातून पाकीट काढले आणि त्यातून एक घडीचा कागद.

“वाचा,” म्हणाला. “तुमी तर शिकेल माणूस हा.”

कागदावर टोळीतल्या सगळ्यांची नावे होती. वर लिहिले होते की खालील इसमांना कोणताही आजार नसून ते स्वखुशीने कामावर जात आहेत. नावांपुढे अंगठे. जमना परसराम राठोड, पुढे डाव्या हाताचा अंगठा, शाई जरा फाकलेली. शेवटी एक ओळ होती: तपासले, प्रवासास योग्य. तिच्याखाली सही, वाचता न येणारी.

“मी कोणाले उचलून नेलं नाई,” किसनराव म्हणाला. “अंगठा तिचा हाय.”

त्याने कागद घडी करून ठेवला आणि बसमध्ये चढला.

या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. दुकान मुलाच्या हाती देऊनही आता बरीच वर्षे झाली, तरी मी रोज तिथे बसतो. आज फ्लूची लस मिळते. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि गरोदर बाईने ती जरूर घ्यावी. मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये, हेही आता माहीत झाले आहे. मी तेव्हा सर्रास देत होतो. औषधे सुधारली. गिऱ्हाईक मात्र अजून काउंटरवर येऊन म्हणते, असे काही द्या की उद्या कामावर जाता येईल. त्याला मी विचारतो, उद्या कामावर गेला नाहीस तर काय होते? उत्तर ऐकून घेतो. औषध त्यानंतर. हा प्रश्न मी त्या सोमवारी खोपटात विचारला असता, तर जमनाबाईने दोन वाक्यांत सांगितले असते की तुमचा सौदा टिकणार नाही. मी मुकादमाशी बोललो, नायकाशी बोललो, सासूला बाटली दिली. जिच्यासाठी आठ दिवस मागितले, तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

माझ्या वाट्याचे मी वर लिहिले. पण किसनराव निरक्षर होता. कागदावरचे अक्षर त्याचे नव्हते. ‘स्वखुशीने’ हा शब्द त्याचा नव्हता. ते वळणदार अक्षर शाळेत गेलेल्या माणसाचे होते, बहुधा त्याच पेनवाल्याचे. त्याने पाच महिन्यांच्या गरोदर बाईला तापात स्टेरॉइड टोचले, तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि खाली लिहिले की तपासले. मी पुढे धनजला जाऊन त्याची चौकशी केली. चिठ्ठीवर छापलेल्या नावाचा डॉक्टर तिथे कोणी ऐकला नव्हता. तो आज असेल तर माझ्याच वयाचा असेल, आणि वाचता त्याला येते. जमनाबाईच्या छातीला नळी लावून त्याने काय ऐकले होते, ते त्याने सांगावे. मला नाही, तिला सांगावे. ती अजून त्याच तांड्यावर राहते.